जी-चार

झिरायर, तू हात पुढे केलास,
स्वच्छ, नखं कापलेला हात.
माझ्या नखांत काळं पॉलिश असतं,
तीस वर्षांत ते काही निघालं नाही,
म्हणून पांढरी मोहरी मी जरा कडेनंच धरतो.

ग्युमरीतला फेब्रुवारी. क्लबातली शेगडी
पहिल्या दोन टेबलांपुरतीच तापते.
पहिल्या टेबलाशी तू, येरेवानहून आलेला,
सतरा वर्षांचा, रेटिंग पंचवीसशेच्या घरात.
हायकानुशबाईंनी जोड्या वाचल्या
तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं,
"वार्पेत, आज जेवायला घरीच की!"
(वार्पेत म्हणजे उस्ताद. आमच्या गावात
नळ दुरुस्त करणाऱ्यालाही म्हणतात.)

घड्याळ सुरू झालं.
जे प्यादं राजाच्या उंबऱ्याशी बसून राहायचं,
ते उचललं आणि दोन घरं पुढे,
भर रस्त्यात नेऊन ठेवलं.
जी-चार.

तुझी भुवई वर गेली. एकच, डावी.

खोटं कशाला बोलू, चाल वाईट आहे.
यंत्र तर म्हणतं, पहिल्याच फटक्यात
मी एक प्यादं हरून बसलोय, वर थोडं व्याजही.
हिच्यापायी मी वनाद्झोरच्या दंतवैद्याकडून हरलोय,
बातुमीच्या खलाशाकडून, दोनदा,
आणि जो हसू आवरू शकला नाही
त्या रशियन कॅप्टनकडूनही हरलो असतो,
पण हसता हसता त्याचा वजीर गेला.

तुझ्याजवळ सगळं होतं.
सिसिलियनच्या बावीस चाली पाठ,
वजिराच्या प्याद्याविरुद्ध तीन तऱ्हा,
रात्र रात्र लॅपटॉपसमोर घोकलेल्या.
तू वेशीवर फौज लावून उभा,
आणि मी आलो परसातून,
वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून.

दुकानात माझ्याकडे लाकडी फर्मे आहेत,
एकोणचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत.
फर्म्यावर जोडा भराभर होतो, चुकत नाही.
पण एखाद्याचा अंगठा आडवा गेलेला असतो,
त्याला कागदावर उभं करावं लागतं,
पेन्सिल फिरवावी लागते पायाभोवती, सावकाश,
जणू पाय नावाची वस्तू आपण आजच पाहतोय.

पहिल्याच चालीवर तू अकरा मिनिटं बसलास.

मग डी-पाच. मी उंट जी-दोनवर.
तू माझं प्यादं खाल्लंस, अगदी शांतपणे,
मी सी-चार, मागोमाग वजीर बी-तीनवर;
अठराव्या चालीपर्यंत, बघ,
माझ्या प्रत्येक मोहऱ्याला काम होतं
आणि तुझा एक हत्ती अजून कोपऱ्यातच.
शेगडीजवळचे लोक उठून आमच्याकडे आले.
घरी जेवायला जा म्हणणाराही आला.

आणि तेव्हा तू खरा खेळायला लागलास.
पाठ केलेलं काही नाही, सगळं तिथल्या तिथे.
इतकं चांगलं खेळताना मी कुणाला
इतक्या जवळून पाहिलं नव्हतं;
माझ्याच विरुद्ध होतं, ते जाऊ दे.
ज्या दारातून माझं प्यादं बाहेर पडलं होतं
त्याच दारातून तुझा हत्ती आत आला.
एकेचाळिसाव्या चालीला मी राजा आडवा केला.

"ही चाल खेळू नये," तू म्हणालास.
"नाहीच खेळू," मी म्हणालो.
पण तू उठला नाहीस. मोहरी परत मांडलीस,
ते प्यादं पुढे केलंस आणि म्हणालास,
"इथे मी लगेच ई-पाच केलं असतं तर?"
बाहेर येरेवानची गाडी हॉर्न देत होती.

उद्या परतायच्या आधी दुकानात ये. नऊला उघडतो.
तुझा डावा जोडा टाचेपाशी उसवलाय,
बर्फाचं पाणी आत जातंय.
तू विचार करत होतास ना, पाय हलवत,
ती अकरा मिनिटं
मी तेच पाहत होतो.